किब्ला पूर्वेला : सुरीनामला जाणाऱ्यांसाठी

सुरीनामला जायचे ठरले तेव्हा आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या सरांनीसुद्धा भिंतीवरच्या नकाशापाशी जाऊन आधी आफ्रिकेवर बोट फिरवले. मग ते दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावर आले. ब्राझीलच्या डोक्यावर, गयाना आणि फ्रेंच गयाना यांच्या मध्ये, एक छोटा तुकडा सापडला. "हा. पण इथे जाते कोण?" असे त्यांनी विचारले.

आम्ही गेलो, कारण आमच्या धाकट्या भावाचा निकाह तिथे होता. भाऊ नेदरलँड्समध्ये द हेग शहरात नोकरीला आहे. त्या शहरात सुरीनामहून आलेली हिंदुस्थानी घरे पुष्कळ आहेत. अशाच एका मुस्लिम घरातली मुलगी पसंत पडली. तिचे आईवडील मात्र निवृत्तीनंतर पारामारिबोला परत गेले होते आणि निकाह तिथेच, आपल्या मोहल्ल्यात व्हावा अशी त्यांची इच्छा होती. सोलापूरहून आम्ही तिघे निघालो : आम्ही दोघे, दोघेही शिक्षक, आणि सदुसष्ट वर्षांच्या अम्मी. अम्मींचा एकच प्रश्न होता आणि तो त्यांनी मुंबईपर्यंत सात वेळा विचारला, "वहाँ के लोगां नमाज-रोजा करते ना?"

परत आल्यापासून नातेवाईक आणि शाळेतले सहकारी विचारत असतात. खर्च किती, खायला काय मिळते, म्हाताऱ्या माणसांना झेपेल का. प्रत्येकाला वेगळे सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढावे म्हणून हा लेख.

सुरीनाम हा दक्षिण अमेरिकेतला सर्वांत लहान स्वतंत्र देश. लहान म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडा मोठाच. पण वस्ती सारी मिळून सहा लाखांच्या आसपास, आमच्या एकट्या सोलापूर शहरापेक्षा कमी. नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन जंगलाखाली आणि बहुतेक माणसे किनाऱ्याच्या पट्ट्यात. २५ नोव्हेंबर १९७५ पर्यंत इथे डच लोकांचे राज्य होते, त्यामुळे सरकारी भाषा आजही डच आहे. बाजारात स्रनान टोंगो चालते आणि हिंदुस्थानी घरांत सरनामी, म्हणजे भोजपुरी-अवधीपासून तिकडे तयार झालेली बोली. २०१२ च्या जनगणनेत मुसलमान सुमारे १४ टक्के होते. ईदुल फित्रला देशभर सार्वजनिक सुट्टी असते, तशीच दिवाळीला आणि होळीलाही.

आपल्यासारख्या शाळेच्या सुट्ट्यांवर जगणाऱ्यांना एक गोष्ट सोयीची आहे. तिकडचा मोठा कोरडा हंगाम ऑगस्टच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत असतो, त्यात आपली दिवाळीची सुट्टी बरोबर बसते. उन्हाळ्याच्या सुट्टीत जाल तर एप्रिलअखेर सुरू झालेला मोठा पाऊस भेटेल आणि तो ऑगस्टपर्यंत सोडणार नाही. थंडी कधीच नसते. उकाडा कोकणासारखा, घामाचा. स्वेटर फक्त विमानापुरता घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये आणि डिसेंबरमध्ये नेदरलँड्समधले सुरीनामी घरी जातात, तेव्हा तिकिटे चढतात.

आता कागदपत्रे. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर निदान सहा महिने शिल्लक हवी. प्रवेशाचे नियम आणि शुल्क तिकडच्या सरकारने गेल्या काही वर्षांत बदलले आहेत, तेव्हा तिकीट काढण्याआधी सरकारी माहिती स्वतः वाचा, एजंटच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. मुंबईहून ॲम्स्टरडॅम आणि तिथून पारामारिबो हा सरळ रस्ता. दोन्ही टप्पे साधारण नऊ-नऊ तासांचे. मधल्या मुक्कामात विमानतळाबाहेर पाय ठेवायचा असेल तर शेंगेन व्हिसा लागतो. आमच्या ओळखीच्या एजंटाने ही गोष्ट सांगितली नव्हती. भावाने फोनवर विचारले म्हणून वेळेत कळले, नाहीतर त्याच्या घरी एक रात्र राहण्याचा बेत विमानतळाच्या बाकावर संपला असता.

सगळ्यात जास्त विचार करावा लागला तो लसीचा. सुरीनाम पिवळ्या तापाच्या देशांत मोडतो. तिथून भारतात परतताना लसीचे पिवळे कार्ड नसेल तर विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवतात. ही लस कुठल्याही दवाखान्यात घेऊन चालत नाही, सरकारने ठरवलेल्या केंद्रावरच घ्यावी लागते, आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी. एकदा घेतली की जन्मभर चालते. पण साठीच्या पुढच्या माणसाला ती पहिल्यांदा द्यायची असेल तर डॉक्टर जपून देतात, कारण या वयात क्वचित का होईना, गंभीर त्रास होऊ शकतो. केंद्रावरच्या डॉक्टरांनी अम्मींना समोर बसवून सगळे विचारले. कोणती औषधे चालू आहेत, अंडे खाल्ल्यावर त्रास होतो का, पूर्वी मोठे आजारपण झाले आहे का. मग आम्हाला म्हणाले, "घरी जाऊन विचार करा, तुमच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा."

तो आठवडा आम्हाला जड गेला. धाकट्या मुलाच्या निकाहाला आई नाही, ही कल्पना एका बाजूला आणि आपण हट्टाने तिला धोक्यात घालतो आहोत ही भीती दुसऱ्या बाजूला. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी तपासण्या करून चिठ्ठी दिली. तरी आम्ही घुटमळत होतो. शेवटी अम्मीच म्हणाल्या, "हज कू गई तब सुई ली थी. अब बेटे के वास्ते भी लेती." लस घेतल्यावर एक दिवस अंग दुखले, बस. अल्हम्दुलिल्लाह. पण घरात वडीलधारे असतील तर हे काम शेवटच्या पंधरवड्यावर ढकलू नका. विचाराला वेळ हवा.

विमानात मुस्लिम जेवण मिळते, मात्र ते आधी, तिकिटाबरोबर नोंदवावे लागते. विमानात बसल्यावर मागून मिळत नाही. दुसऱ्या टप्प्यात आपण सूर्याच्या मागे धावत असतो, दिवस सरता सरत नाही. घड्याळ भारताच्या साडेआठ तास मागे जाते. आम्ही तिकडे बारा दिवसच राहणार होतो, म्हणून जोहर, असर, इशा कसर पढायच्या हे घरूनच ठरवून निघालो होतो.

विमानतळ झांदेरे नावाच्या गावी आहे, शहरापासून सुमारे ४५ किलोमीटर. गाड्या आपल्यासारख्याच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. पैसे तिथल्या डॉलरमध्ये. त्याला एसआरडी म्हणतात. युरो किंवा अमेरिकी डॉलर नेऊन अधिकृत कांबियोमध्ये थोडे थोडे बदलावेत, रुपये कुणी घेत नाही. टॅक्सीत बसण्याआधी भाडे ठरवून घ्या. विजेचा दाब १२७ व्होल्ट आहे : मोबाइलचे चार्जर चालतात, पण अम्मींच्या चहासाठी नेलेली आमची किटली अर्धा तास नुसती कोमट होत राहिली. पिन युरोपच्या गोल पद्धतीची लागते.

उतरलो आम्ही एका गेस्ट हाउसमध्ये. समधीसाहेबांनी घरी राहण्याचा फार आग्रह केला होता, पण मुलाकडची माणसे निकाहाआधी मुलीच्या घरी कशी उतरणार, हे अम्मींचे म्हणणे सातासमुद्रापारही कायम होते. भाऊ दोन दिवसांनी पोचणार होता. संध्याकाळ झाली, सूर्य नदीच्या उलट बाजूला, घरांच्या मागे उतरला, आम्ही वजू केला, मावळतीकडे जानमाज अंथरले आणि मगरिब पढलो. रात्री इशाही तशीच. जन्मापासून किब्ला म्हणजे सूर्य मावळतो ती बाजू. त्यात विचारायचे काय?

पहाटे समधीसाहेब आम्हाला मोहल्ल्याच्या मशिदीत न्यायला आले. मशिदीत स्त्रियांसाठी बाजूला पडदा लावून जागा होती, म्हणून अम्मीही आल्या. फजरची जमात उभी राहिली. सलाम फिरवेपर्यंत इमामसाहेबांच्या मागच्या, म्हणजे आमच्या समोरच्या खिडक्यांतून उजेड यायला लागला होता. आपल्याकडे फजरला उजेड पाठीमागून येतो. बाहेर आल्यावर अम्मींनी हळूच विचारले, "सुबह सामने से कैसे निकली?" आम्ही दोघे शिक्षक एकमेकांकडे बघतच राहिलो. पारामारिबो मक्केच्या पश्चिमेला आहे, अटलांटिकच्या पलीकडे. तिथून किब्ला पूर्वेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला. आम्ही काल काबाशरीफकडे पाठ करून नमाज पढलो होतो.

किब्ला कळत नसेल तर विचारावे, शोधावे, अंदाज बांधावा, आणि इतके करूनही चुकले तर नमाज होते, एवढे आम्ही मुलांना शिकवतो. आम्ही तर शोधलेच नव्हते, नुसते सवयीने उभे राहिलो होतो. खोलीवर जाऊन दोन्ही नमाजा पुन्हा पढल्या. तेव्हा जाणाऱ्यांनी पहिले काम हे करावे : सामान ठेवले की गेस्ट हाउसवाल्याला पूर्व विचारा, मोबाइलवर पाहून घ्या आणि मगच जानमाज उघडा. विषुववृत्त जवळ असल्यामुळे दिवस-रात्र बारमाही जवळपास सारखे असतात, मगरिब वर्षभर साडेसहाच्या आगेमागे. रमजानमध्ये तिकडचा रोजा ना फार लांब, ना फार आखूड.

खाण्याची चिंता जेवढी केली तेवढी निघाली नाही. हिंदुस्थानी मुसलमानांची आणि जावाहून आलेल्या मुसलमानांची दुकाने आहेत, हलालची पाटी दिसते, विचारले तर नीट सांगतात. 'रोटी' म्हटले की पोळीबरोबर मसाल्याची कोंबडी, बटाटा, लांब चवळीच्या शेंगांची भाजी आणि उकडलेले अंडे असे सगळे ताट समोर येते. उडदाच्या वड्याला ते 'बारा' म्हणतात. कारल्याला 'सोप्रोपो'. जावानीज खानावळीला 'वारुंग' म्हणतात, तिथले साओतो नावाचे कोंबडीचे सूप अम्मींना इतके आवडले की त्यांनी कृती लिहून घेतली. ब्लाउग्रोंड भागात अशा खानावळी ओळीने आहेत.

पण सावध राहायचे ते चिनी हॉटेलांत आणि 'मोक्सी मेती' या शब्दापाशी. त्याचा अर्थ मिश्र मांस, आणि त्या मिश्रणात डुक्कर असते. डच भाषेत डुकराला 'फार्केन', स्रनानमध्ये 'आगू'. 'स्पेक' आणि 'हाम' हेही त्याचेच प्रकार. 'किप' म्हणजे कोंबडी, 'रुंड' म्हणजे गाईबैलाचे मांस, 'फिस' म्हणजे मासा. हे सात-आठ शब्द आम्ही एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवले होते, ते प्रवासमार्गदर्शक पुस्तकापेक्षा जास्त उपयोगी पडले.

डच स्पेलिंगची एक गंमत उर्दू-मराठी शिकवणाऱ्यांच्या लगेच लक्षात येते. रोमन अक्षरांत ओ आणि ई जोडून आले की उच्चार 'ऊ', जे एकटे आले की 'य', डी-जे आले की 'ज'. ही किल्ली हातात आली आणि दुकानांच्या पाट्यांवरची परकी वाटणारी आडनावे एकदम ओळखीची झाली. अब्दुल, हुसेन, जमालुद्दीन. पणजोबांचे नाव तेच खापरपणतूचे आडनाव, अशी तिकडची बरीच आडनावे आहेत.

शहर पायी पाहण्याजोगे आहे. नदीकाठच्या जुन्या पारामारिबोत पांढऱ्या लाकडी इमारती आहेत, २००२ पासून तो भाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. झीलांडिया किल्ला, त्याच्या जवळची पामबाग, अध्यक्षांच्या प्रासादापुढचे मैदान हे सकाळी नऊच्या आत उरकावे, नंतर ऊन सोसत नाही. रविवारी दुकाने बंद असतात, पण त्या मैदानावर सकाळी लोक पिंजरे घेऊन येतात आणि पाखरांच्या गाण्याच्या स्पर्धा लागतात. खासगी बसगाड्यांवर हिंदी सिनेमातल्या नटनट्यांची चित्रे रंगवलेली असतात. अंधार पडल्यावर मात्र मध्यवस्तीत पायी भटकू नये, दागिने घालून तर नाहीच. डासांचा विचार करून बाह्या लांब ठेवाव्यात.

काइझरस्ट्राट या रस्त्यावर मशीद आणि ज्यूंचे प्रार्थनास्थळ शेजारी शेजारी उभे आहेत. जगभरातले प्रवासी त्याचे फोटो काढतात, आम्हीही काढला. ज्यूंच्या त्या लाकडी इमारतीत जमिनीवर वाळू पसरलेली आहे. मशीद भव्य आहे, आत जाऊन पाहू देतात. ती लाहोरी अहमदिया जमातीची आहे. आपल्या घरांतून हा प्रश्न हमखास विचारला जातो म्हणून लिहून ठेवतो. हनफी मशिदी शहरात बऱ्याच आहेत, जुमा आम्ही समधीसाहेबांच्या मोहल्ल्यातच पढलो. बयान डचमध्ये झाले, त्यातले आम्हाला 'सब्र' आणि 'शुक्र' एवढेच कळले. दुआ मात्र उर्दूत झाली.

आता अम्मींच्या प्रश्नाकडे येतो. त्यांना धास्ती होती की समधनशी बोलायचे कसे. पहिल्या भेटीत अम्मी आपल्या सोलापुरी दखनीत बोलल्या, समधन सरनामीत. दोघींनी एकमेकींचे निम्मे ऐकले आणि निम्मे हातवाऱ्यांनी भरून काढले. मग घरातली लहान मुले आली आणि अम्मींना 'आजी' म्हणू लागली. सरनामीत वडिलांच्या आईला आजी म्हणतात आणि वडिलांच्या वडिलांना आजा. आमची मुले अम्मींना दादी म्हणतात. मराठी शाळेत शिकूनही घरात 'आजी' कधी आले नाही, ते सुरीनामला येऊन कानावर पडले. भेटीसाठी आम्ही सोलापुरी चादरी नेल्या होत्या. जाणाऱ्यांना सुचवतो की मिठाई नेऊ नका, ती उकाड्यात टिकत नाही. चादर, अत्तर, उर्दूतली मुलांची पुस्तके न्या.

निकाहाच्या दुसऱ्या दिवशी समधीसाहेबांनी आम्हाला नदीकाठी बाबा-माईच्या पुतळ्यापाशी नेले. हिंदुस्थानातून आलेल्या पहिल्या जोडप्याचे ते प्रतीक. १८६३ मध्ये गुलामगिरी बंद झाली, मळ्यांना मजूर हवे होते, तेव्हा इंग्रज आणि डच यांच्यात करार झाला. 'लल्ला रुख' हे पहिले जहाज कलकत्त्याहून निघून ५ जून १८७३ रोजी इथे लागले. १९१६ पर्यंत ३४ हजारांवर माणसे आली, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारमधली, त्यांत मुसलमानही पुष्कळ. करार पाच वर्षांचा, म्हणून त्यांना 'कंत्राकी' म्हणत. साधारण तिसरा हिस्सा परत गेला, बाकीचे इथलेच झाले. जून २०२३ मध्ये या गोष्टीला दीडशे वर्षे झाली, तेव्हा आपल्या राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू पारामारिबोला आल्या होत्या, हे समधीसाहेबांनी अभिमानाने सांगितले.

नदीपलीकडे कोमेवाइने जिल्हा आहे. मोठा पूल ओलांडला की आलाच. जुने मळे तिकडे आहेत, आणि पेपरपोट नावाचा कॉफी-कोकोचा मळा आता निसर्गउद्यान झाला आहे. तिथली वाट सपाट आणि सावलीची, अम्मी तासभर आरामात चालल्या. दाट जंगलात, नदीवरच्या गावांत होड्यांनी जाण्याच्या सहली निघतात. आम्ही गेलो नाही. जाणाऱ्यांनी मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारून मगच जावे.

जायलाच हवे ते मारिएनबुर्गला. साखर कारखान्याचा सांगाडा उभा आहे, गंजलेली चाके, भिंतींतून वर आलेली झाडे. १९०२ च्या जुलैत मजुरी कापल्यावरून इथल्या हिंदुस्थानी मजुरांनी उठाव केला. मळ्याचा व्यवस्थापक मारला गेला, दुसऱ्या दिवशी सैनिकांनी गोळ्या झाडल्या. चोवीस मजूर गेले आणि त्यांना एकाच खड्ड्यात पुरण्यात आले. आता तिथे स्मारक आहे. कोणाची कबर कुठे, हे तिथे कोणी दाखवू शकत नाही. अम्मींनी डोक्यावर पदर घेतला, हात उचलले आणि बराच वेळ उभ्या राहिल्या. वाट दाखवणारा मुलगा घाईत होता, त्याला आम्ही थांबवले. तिथे जाताना पाणी आणि टोपी घ्या, सावलीला जागा नाही.

परतताना जावानीज वस्तीतल्या एका छोट्या मशिदीत असर पढायला थांबलो. आम्ही आता शहाणे झालो होतो, सरळ पूर्वेकडे वळलो, तर मिहराब पश्चिमेला! जावाहून मजूर १८९० पासून आले. जावात मक्का पश्चिमेला पडते. ते इथे आले आणि वाडवडिलांच्या बाजूलाच तोंड करून पढत राहिले. पुढे त्यांच्यातच काहींनी पूर्व धरली. आजही त्यांच्यात पश्चिमवाले आणि पूर्ववाले अशा दोन्ही मशिदी आहेत. तिथल्या म्हाताऱ्या खादिमांनी आमचा घोळ ओळखला, हसून मागच्या कोपऱ्यात जागा करून दिली आणि पूर्वेकडे बोट दाखवले. गाडीत आम्ही मसला काढून बसलो, तर अम्मी म्हणाल्या, "चुप बैठो. पहले दिन तुमने भी वहीच किया." नंतर शहर येईपर्यंत गाडीत कोणी बोलले नाही.

निघण्याच्या आदल्या रात्री समधनने एक कागद आणून अम्मींच्या हातात ठेवला. त्यांच्या पणजोबांच्या नोंदीची प्रत. अशा नोंदी तिकडच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेल्या आहेत. नाव, बापाचे नाव, वय, उंची, कपाळावर जुन्या जखमेची खूण, जात या रकान्यात 'मुसलमान', जहाज, मळा, आणि शेवटी गाव, थाना, जिल्हा. जिल्हा बस्ती. समधन म्हणाल्या की त्यांचे अब्बा हा कागद घेऊन एकदा हिंदुस्थानात जायचे म्हणत होते, राहून गेले. तुम्ही तिकडचेच, तुम्हाला सापडेल.

सोलापूर कुठे आणि बस्ती कुठे, हे त्यांना कसे समजावायचे? तिकडच्या माणसांना सारा हिंदुस्थान एक मोहल्ला वाटतो. तुमच्याही हातात कोणी असा कागद ठेवील, तेव्हा पटकन 'हो' म्हणू नका, कारण ती माणसे त्या 'हो'वर वर्षे काढतात. आम्ही हे आता लिहितो आहोत. त्या रात्री अम्मी आमच्या आधीच "इन्शाअल्लाह" म्हणून मोकळ्या झाल्या होत्या.

मुंबईला उतरल्यावर आरोग्य खात्याच्या टेबलावर पिवळी कार्डे मागितली. ती पासपोर्टबरोबर हातातच ठेवा. आमची सामानाच्या बॅगेत गेली असती तर खोळंबा झाला असता. अम्मींनी बटव्यातून आपले कार्ड काढले, त्याच घडीत तो कागदही होता.

त्या कागदावर गावाचे नाव कारकुनाने इंग्रजीत असे लिहिले आहे की त्याची तीन वाचने निघतात. शिवाय जुन्या बस्तीतून १९८८ मध्ये सिद्धार्थनगर आणि १९९७ मध्ये संत कबीर नगर हे जिल्हे वेगळे झाले, तेव्हा चौकशी तिन्हीकडे करावी लागेल. मे महिन्याच्या सुट्टीत लखनौमार्गे जायचे ठरवले आहे. आपल्या वाचकांपैकी कोणाचे नातेवाईक किंवा ओळखीचे त्या बाजूला राहत असतील, तर कृपया मासिकाच्या पत्त्यावर कळवावे. आम्ही नोंदीची झेरॉक्स पाठवू.